प्लग खांद्यावर

ते बसलेले मला आठवतच नाहीत. दुर्गजवळच्या वैशालीनगरातल्या या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. पहिली सहा वर्षं घरमालक खाली एकटेच राहायचे, आणि एवढ्या काळात त्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी पाहिलं असेल तर कुणीतरी फोटो काढताना. एरवी सतत फेऱ्या. व्हरांड्यातून फाटकापर्यंत, फाटकापासून मीटरच्या डब्यापर्यंत, तिथून परत व्हरांड्यात. चहासुद्धा चालता चालता प्यायचे आणि कप कुठेही ठेवून द्यायचे. मला ते कप जिन्याच्या कठड्यावर, कुंड्यांमध्ये, पाण्याच्या मोटारीवर सापडायचे.

थांबायचे फक्त एका वेळी. वर माझा मिक्सर सुरू झाला की खाली त्यांचे पाय थांबायचे. मान वर करून ते ऐकत राहायचे. आवाज सरळ असला की फेऱ्या पुन्हा सुरू. आवाज जरा जड झाला की जिन्यावर चपला फटफट वाजायच्या आणि बेल वगैरे न दाबता दाराबाहेरूनच ओरडा सुरू व्हायचा.

“बंद कर! बंद कर आधी! जास्त भरलं तुनं!”

“अर्धंच भरलं हाय, काका.”

“अर्धं म्हणजे किती? झाकण काढ, मले पाहू दे. थांब, थांब! पातं थांबू दे, मंग झाकण काढ.”

झाकण काढलं की भांडं पाऊण भरलेलं निघायचं. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात ती सकाळची वेळ. स्टील प्लांटमध्ये नव्याने लागलेल्या आठ जणांचे डबे मी करत होते, आणि जनरल शिफ्टच्या आधी ते दाराबाहेर निघायला हवे असत. आमचे हे मालगाडीवर गार्ड, दुर्गहून निघाले की कधी नागपूरकडे, कधी रायपूरकडे, घरात असतील याचा भरवसा नाही. अशा वेळी हा माणूस माझ्या ओट्याजवळ येऊन भांड्यातलं वाटण चमच्याने मोजणार! चीड यायची, आणि दर वेळी त्यांचंच बरोबर निघायचं याची दुप्पट चीड यायची.

घर बघायला गेलो होतो तेव्हाच आम्हाला अंदाज यायला हवा होता. बाकीचे घरमालक विचारतात, मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं. यांनी विचारलं, “मिक्सर कोणता हाय तुमच्याकडे?” आमच्या ह्यांना वाटलं थट्टा आहे, ते हसले. काका हसले नाहीत. सामान आलं त्या दिवशी खोक्यातून आधी मिक्सर काढायला लावला, उलटा करून बुडाशी नाक नेऊन वास घेतला, वायर चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, आणि मगच पलंग वर चढवायला परवानगी दिली.

त्यांची सगळी नोकरी प्लांटच्या मिलमध्ये गेली होती, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून हे घर बांधलं, काकू दोनच वर्षं त्यात राहिल्या आणि गेल्या. आमची त्यांची गाठ पडली नाही. स्वयंपाकघरात काकूंचा जुना, दगडासारखा जड मिक्सर तेवढा होता. दर शनिवारी काका त्यावर जवसाची चटणी करायचे आणि एक वाटी वर आणून द्यायचे. चटणी झकास असायची, हे मला त्या चिडीतही कबूल करावं लागे.

भांड्याच्या कडेला चिकटलेलं वाटण काढायचं झालं की त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी बटण शून्यावर. मग भिंतीवरचा स्विच बंद. मग प्लग काढून ती वायर ते डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायचे, प्लग छातीवर लोंबता. वायर आखूड, त्यामुळे मिक्सरला अगदी चिकटून उभं राहावं लागे. एवढं झाल्यावर हात भांड्यात, आणि हातातही चमचा नाही, लाकडी उलथनं. बोट कधीच नाही.

“प्लग खांद्यावर, मंग हात भांड्यात,” ते म्हणायचे. “प्लग आपल्या अंगावर असला का कोणाचा बाप बी चालू करू शकत नाही.”

“इथं मी एकटीच असते काका. कोण चालू करणार?”

“तूच. तुयं कोपर लागते, ओला हात लागते, ध्यान दुसरीकडे असते. माणूस एकटा असला का त्याले स्वतःपासूनच सगळ्यात जास्त सांभाळावं लागते.”

हे वाक्य इतक्या वेळा आमच्या घरात फिरलं की आमचे हे गोंदियाच्या यार्डातून फोन करायचे ते “जेवली का” असं विचारायच्या आधी “प्लग खांद्यावर हाय ना?” असं विचारून खदाखदा हसायचे.

हसण्यासारखं पुष्कळ होतं. एकदा मी घाईत गरमागरम टोमॅटो-कांदा तसाच भांड्यात ओतला, झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. वाफेनं झाकण उडालं आणि लाल रस्सा थेट छताला. नशीब, तोंड बाजूला होतं. काका वर आले, मला काही लागलं नाही याची खात्री केली, मग स्टुलावर चढून छतावरच्या त्या डागाभोवती पेन्सिलने गोल काढला. “हे पुसू नको,” म्हणाले. “गार होऊ द्यायचं, हे आता छतावर लिहून ठेवलं हाय.” पुढे दिवाळीला आख्खं घर रंगवलं, पण रंगवणाऱ्याला त्यांनी तो गोल सोडायला लावला. पाहुणे आले की वर बघत आणि मला ती कहाणी सांगावी लागे.

मिक्सर दमून मध्येच बंद पडला की बुडाचं लाल बटण दाबायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांचं म्हणणं, आधी प्लग काढ, भांडं उतरव, मोटारीला श्वास घेऊ दे, मग दाब. मी तोवर ओट्याभोवती चुळबुळत राहायचे. ते माझ्या दुप्पट चुळबुळत राहायचे, पण दाबू द्यायचे नाहीत. दोघं मिळून त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात येरझारा घालत आहोत, हे दृश्य आमच्या ह्यांनी एकदा दारातून पाहिलं आणि आल्यापावली माघारी फिरले.

सगळ्यात मोठं प्रकरण मात्र टॅगचं. प्लांटमध्ये कुणी यंत्रात हात घालायच्या आधी स्विचवर आपल्या नावाचा टॅग लावतो आणि काम झाल्यावर ज्याचा टॅग त्यानेच काढायचा, दुसऱ्याने नाही. काकांनी हे घरात आणलं. जुन्या लाल प्लॅस्टिकच्या फायली कापून तीन टॅग केले, भोक पाडून सुतळी ओवली. वर लिहिलं, ‘आदमी काम पर है’. खाली एकेकाचं नाव: त्यांचं, माझं, आमच्या ह्यांचं. मी म्हटलं, “काका, मी आदमी हाय का?” ते म्हणाले, “कामावर गेलं का सगळे आदमीच.”

एका सकाळी त्यांना माझ्या मिक्सरच्या वायरीला बुडापाशी चीर दिसली. झालं. प्लग काढला, स्विचवर स्वतःचा टॅग बांधला आणि खुर्सीपारला ओळखीच्या दुकानात नवी वायर आणायला गेले. तिथेच त्यांना फोन आला की नागपूरला मेहुणे वारले. तसेच, पिशवीत वायर घेऊन, दुर्ग स्टेशनवर गेले आणि मिळेल ती गाडी पकडली.

चार दिवस. पहिल्या दिवशी मी शेजारणीकडून वाटण करून आणलं. दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. आठ डबे, आणि एका लाल तुकड्याला घाबरून मी दारोदार भांडं घेऊन फिरू? चिरेवर टेप गुंडाळली, टॅग सोडला, वाटलं, पुन्हा टॅग बांधून ठेवला. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी काका आले ते स्टेशनवरून थेट वर, हातात तीच पिशवी. स्विचजवळ गेले आणि टॅगची सुतळी बोटाने उचलून पाहिली.

“गाठ मी अशी नाही मारत,” एवढंच म्हणाले.

वायर बदलली आणि खाली गेले. मग आठवडाभर माझा मिक्सर सुरू झाला तरी खालच्या चपला थांबेनात. मी मुद्दाम एकदा भांडं गच्च भरून फिरवलं. मोटार कण्हली, पण जिन्यावर कुणी आलं नाही. ओरडा खायची इतकी सवय झाली होती की तो मिळेना तेव्हा मला घर खायला उठलं.

शेवटी शनिवारी जवसाची चटणी घेऊन तेच आले. वाटी ओट्यावर ठेवली आणि खिडकी ते दार, दार ते खिडकी असे फिरत बोलले.

“मिलमध्ये एकदा मी मोटरीत दोन्ही हात घालून बसलो होतो. स्विचवर माया टॅग होता. पाळी बदलली. नव्या माणसाले वाटलं का हा जुना टॅग हाय, कोणीतरी विसरला. त्यानं काढला अन् स्विच टाकला.”

मी हातातली पोळी तशीच धरून उभी राहिले. “मंग?”

“काही नाही झालं. फ्यूज मी काढून खिशात ठेवले होते. मोटर हालली नाही. तो माणूस निघून गेला, त्याले आजही मालूम नसन. पण मी आतून तो खटका ऐकला, बेटा. हात आत, अन् बाहेर खट्. तवापासून मले बसवत नाही.”

माझा संताप कुठल्या कुठे गेला. पण मी गप्प राहिले तर ती मी कसली. “अन् टॅगवाला नागपूरले निघून गेला, तं मागच्यानं काय कराव?”

“फोन कावून नाही केला?” ते थांबलेच. “टॅगवाला कुठं हाय ते शोधायचं, त्याच्याशी बोलायचं. तो विचारन, किती जण कामावर होते, किती बाहेर आले, सगळ्यांचे हात बाहेर हायत का. अन् काढणाऱ्याचं नाव लिहून घेईन. मंग म्हणन, काढ. दोन मिनटाचं काम. मी मयतीतून उठून म्हटलं असतं.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या टॅगला हात लावला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ते मला घरमालक वाटेनासे झाले. माझे वडील मी शाळेत असताना गेले. इतक्या बारकाईने माझ्या हातांची काळजी मधल्या काळात कुणी केली नव्हती.

पुढे विसरणं वाढलं. आधी नुसते कप होते. मग रविवारी वर येऊन विचारायचे, आज डबे कावून नाही. तेच अर्ध्या तासाने पुन्हा. त्यांचं त्यांनाही कळत होतं. स्वयंपाकघरात जागोजाग चिठ्ठ्या दिसू लागल्या: गॅस, नळ, कुलूप. पुण्याला असलेली त्यांची मुलगी रोज व्हिडिओ कॉल करायची. चिठ्ठ्या तिला दिसल्याच. ती मनाने चांगली, पण धास्तावलेली. “बाबा, मी साफ सांगते,” ती माझ्यासमोरच म्हणाली, “घरात एक जरी अॅक्सिडेंट झाला ना, तर मी काही ऐकणार नाही. सीधे पुण्याला.”

काकांनी मान्य केलं, कारण नियम म्हटला की ते मान्य करतच. पण फोन ठेवल्यावर फाटकापर्यंत जाऊन आले आणि मला म्हणाले, “अकराव्या मजल्यावर फ्लॅट हाय तिचा. हॉलमध्ये नऊ पावलं, मोजली मी. फिरू कुठं?”

त्यांचे हात थरथरायला लागले म्हणून मुलीने बिजलीवरचा चॉपर पाठवला, कांदा-मिरची चिरायला. विळी-सुरीची भीती नको म्हणून. काकांनी दोन दिवस त्याचं पुस्तक वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी मला खाली बोलावून शिकवणी घेतली. आधी पातं बसवायचं, मग कांदा टाकायचा. काढताना आधी पातं उचलायचं, वरच्या प्लॅस्टिकला धरून, मग भांडं पालथं करायचं. आणि पातं कधीही भांड्यांच्या ढिगात टाकायचं नाही. त्याच्यासाठी सिंकच्या डाव्या बाजूला वेगळा स्टीलचा डबा, डब्याला लाल फीत.

“साबणाच्या पाण्यात पातं टाकणं म्हणजे कोणासाठी तरी सापळा लावणं,” ते म्हणाले. “फेसाखाली काय हाय, दिसते का तुले?”

नाही दिसलं मला. मार्चमधली सकाळ होती, डबे गेले होते, काकांना बारीक ताप होता, त्यांची चार भांडी घासून टाकावीत म्हणून मी खाली गेले. टबात फेसाळ पाणी होतं. मी हात घातला. आधी काही वाटलं नाही, मग पाणी गुलाबी झालं.

काका आतून आले. ताप कुठे गेला कोण जाणे. एका झटक्यात त्यांनी माझा हात धरून डोक्याच्या वर नेला, धुतलेलं फडकं दाबलं, रिक्षा थांबवली आणि दवाखान्यात पाच टाके पडेपर्यंत तो हात खाली येऊ दिला नाही. परत येताना रिक्षात ते सारखा एक पाय हलवत होते. डब्याला लाल फीत होती, डबा रिकामा होता, आणि त्या घरात सकाळपासून त्यांच्याशिवाय कुणी चॉपर वापरला नव्हता. हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने माझं बँडेज पाहिलं. मी पटकन म्हटलं, “अगं, माझीच चूक. मीच पातं टबात टाकलं अन् विसरले. तुला माहीत आहे ना माझी घाई.” ती म्हणाली, “भाभी, ध्यान रखा करो यार.” झालं, विषय संपला. मला वाटलं, मी मोठं काम केलं. काका मागे व्हरांड्यात फेऱ्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर चपला वाजल्या. मिक्सर तर बंद होता. काकांच्या हातात रेघांची वही होती, पानावर पट्टीने आखलेले रकाने. प्लांटमध्ये रिपोर्ट हिंदीत लिहायचे, म्हणून हाही हिंदीत. घटना, जगह, समय, घायल. घायलच्या पुढे माझं नाव. खाली लिहिलं होतं: ‘ब्लेड टब में किसने डाला: मैंने। याद है: नहीं।’

“याचा फोटो काढ,” म्हणाले, “अन् पोरीले पाठव. मले ते पाठवता येत नाही.”

“काका, फाडा तो कागद.”

“रिपोर्ट फाडत नसते.”

“मी सांगितलं ना तिले, माई चूक! काय बिघडलं तुमचं?” मी ओरडलेच. “घर जाईन तुमचं! पुण्याले नऊ पावलाच्या हॉलमध्ये ठेवन ती तुमाले!”

“घर जाईन,” ते म्हणाले. “अन् तुयी बोटं गेली असती तं? खोटा रिपोर्ट लिहिला का पुढचा माणूस तिथंच हात घालते. मी उद्या पुन्हा टाकीन पातं पाण्यात. मले आठवतच नाही, बेटा, तं मी सांभाळू कसा?”

मी नाही पाठवला. दोन दिवस त्यांनी मला सोडलं नाही. जिना चढायचे, वही दाखवायचे, मी नाही म्हणायचे, जिना उतरायचे. तापातून उठलेला माणूस. शनिवारी चटणीची वाटी आली नाही. मी खाली जाऊन पाहिलं तर काकूंच्या मिक्सरवर त्यांनी स्वतःच आपला टॅग बांधला होता, आणि जवस भाजून तसाच कढईत पडला होता. मिक्सरला हात लावायची त्यांची त्यांनाच भीती वाटू लागली होती. मी तिथेच, त्यांच्या ओट्याशी, टाके घातलेल्या हाताने फोटो काढला आणि पाठवला. पाठवताना मी रडत होते आणि त्यांना शिव्या देत होते. ते म्हणाले, “गेला का? दोन निशाण आले का?” आले होते.

मुलगी चार दिवसांत आली. तिने आरडाओरडा केला नाही, तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. निघताना काकांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. “मिक्सरवर टॅग हाय माया,” म्हणाले. “राहू दे.” मग गाडी येईपर्यंत व्हरांडा ते फाटक, फाटक ते मीटरचा डबा. फिरून घेत होते.

नंतर फोनवर बोलणं व्हायचं. आधी मला ओळखायचे, डब्यांचं विचारायचे. मग कधी ओळखायचे, कधी नाही. मग मुलगीच बोलायची. या वर्षी तिने ठरवलं की खालचं घरही भाड्याने द्यावं. “भाभी, किचनमधलं सामान कोणाला पण देऊन टाका. आईचा मिक्सर तुम्हीच ठेवा. तुमचा जळला ना?”

माझा जळला होता खरा. त्या सकाळी मी खाली गेले, खिडक्या उघडल्या, ओटा पुसला. मिक्सरवर धूळ आणि तो लाल टॅग, त्यांच्या हातची गाठ. दोन वेळा हात पुढे केला. साधी सुतळी, पण मला जमेना. मी ओट्यापासून दारापर्यंत चकरा मारायला लागले, आणि मग पुण्याला फोन लावला.

मुलीने सांगितलं, “सकाळपासून कोणालाच ओळखत नाहीयेत. बघा बोलून.”

“काका, मी बोलून राहिले. वैशालीनगरातून. वरची.”

“कोण वरची?”

“तुमची भाडेकरू. डबेवाली.”

“हं,” ते म्हणाले. परक्या माणसाशी बोलतात तसं. पलीकडे पावलं ऐकू येत होती. आठ, नऊ, आणि वळण.

“काका, मिक्सरवर तुमचा टॅग लागला हाय. काढू का?”

पावलं थांबली.

“स्विच?” आवाज वेगळाच. जुना.

“बंद हाय.”

“प्लग?”

मी वायर डाव्या खांद्यावरून पुढे घेतली. “खांद्यावर.”

“किती माणसं होते कामावर?”

“दोघं. तुमी अन् मी.”

“दोघंही बाहेर आले?”

मी टॅगवरची धूळ अंगठ्याने पुसली. त्यांनी घाई केली नाही. उत्तर आल्याशिवाय ते पुढे जाणारच नव्हते.

“हो काका,” मी म्हटलं. “दोघंही बाहेर.”

“हात?”

“माये दोन्ही हात मायासमोर हायत.”

“नाव सांग तुयं. लिहून घ्यावं लागते.”

मी नाव सांगितलं. कागदाची सळसळ ऐकू आली. सहा वर्षं रोज जिन्यावरून ज्या नावाने हाका मारल्या ते नाव त्यांनी एकेक अक्षर विचारत, पहिल्यांदाच ऐकावं तसं लिहून घेतलं. मग म्हणाले, “काढ.”